झाकलेला अपराध आणि लोकनिवाडा : ताराबाई शिंदे यांच्या दृष्टीतून अभिजात अमेरिकन कथेचे वाचन

बीजसंज्ञा : अपराधभाव, लोकापवाद, हॉथॉर्न, ग्लास्पेल, ताराबाई शिंदे, स्त्री-पुरुष तुलना, बुलढाणा

प्रस्तावना

‘चार लोक काय म्हणतील’ हा प्रश्न मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. ‘लोकापवाद’ हा शब्द तर त्याहून कितीतरी जुना आहे. स्वतःला विदर्भातील पद्मपूरच्या कुळातला म्हणविणाऱ्या भवभूतीने ‘उत्तररामचरित’ या नाटकात लोकापवादाचाच विषय हाताळला. निरपराध सीता लोकांच्या निवाड्याला बळी पडते आणि खरा अपराधभाव मात्र निवाडा अमलात आणणाऱ्या रामाच्या मनात घर करून राहतो. झाकलेला अपराध एकीकडे व जाहीर शिक्षा दुसरीकडे, ही रचना आपल्या वाङ्मयीन परंपरेला अपरिचित नाही.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लघुकथेत हीच रचना वेगळ्या मातीत उगवलेली दिसते. नॅथॅनियल हॉथॉर्न (१८०४-१८६४) हा तिचा प्रमुख शिल्पकार होय. महाविद्यालयीन वर्गांतून त्याच्या कथा शिकविताना ‘मनुष्यमात्राच्या अंतरी दडलेले पाप’ असे एक ठरीव सूत्र सांगितले जाते व तेथेच विवेचन थांबते. हे सूत्र चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. ते कशात अपुरे आहे, हे दाखविणारे पुस्तक दूर शोधावे लागत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या छोटेखानी निबंधात अपराध व निवाडा यांविषयी जो प्रश्न उभा केला आहे, तो हॉथॉर्नच्या कथांना विचारून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ताराबाईंनी हॉथॉर्न वाचला होता असे येथे सुचवावयाचे नाही. दोन भिन्न समाजांत एकाच शतकात लिहिल्या गेलेल्या लेखनाची ही समोरासमोर मांडणी आहे, प्रभावाचा शोध नव्हे.

सुरत, पुणे आणि बुलढाणा

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली व पुढे आणखी सौम्य करण्यात आली. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. परंतु कायद्याने मोकळी केलेली वाट समाजाने बंदच ठेवलेली होती. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतिभ्रष्टतेवर बरेच लिहिले गेले. ‘पुणे वैभव’ या पत्राने तर एकीच्या अपराधावरून सबंध स्त्रीजातीला धारेवर धरले.

या गदारोळात एक व्यक्ती कोठेही नव्हती. विजयालक्ष्मीच्या अपत्याचा पिता न्यायालयात उभा राहिला नाही, वृत्तपत्रात आला नाही आणि लोकांच्या तोंडी त्याची निंदाही झाली नाही. अपराध दोघांचा, खूण एकीच्या अंगावर, आणि दुसरा लोकांत मिसळून गेलेला. कदाचित निंदा करणाऱ्या लोकांतच. असे प्रकरण हे पहिले नव्हते. पुण्यात काशीबाई नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी अंदमानात जन्मठेप झाल्याची हकीकत जोतीराव फुले यांनी १८८४च्या आपल्या टिपणात नोंदविली आहे. तिला फसविणारा शास्त्रीबुवा मात्र शिक्षेवाचून राहिला. फुले यांनी १८६३ साली काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहामागे ही पार्श्वभूमी होती. विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावे व मूल सुखरूप ठेवून जावे, अशी ती सोय होती. झाकणे हाच तेथे जीव वाचविण्याचा उपाय झाला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ताराबाईंचा जन्म १८५० सालचा. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक विचारांचे होते. एकुलत्या एक मुलीला त्यांनी घरीच शिकविले. वऱ्हाडातील मराठा घराण्यात पडद्याची रीत कडक असताना ही मुलगी घरात बसून पुण्याची वृत्तपत्रे वाचीत होती, आणि सुरतेच्या बातमीवर तिने जे उत्तर लिहिले ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

या निबंधाची पद्धत वकिलाची आहे. शास्त्रपुराणांतून व लोकरूढीतून स्त्रियांवर ठेवले जाणारे दुर्गुण ताराबाई एकेक करून उचलतात आणि तोच दुर्गुण पुरुषात किती आहे याचा हिशोब मांडतात. साहस, कपट, चंचलता, अविचार ही आरोपपत्रातील कलमे तीच राहतात, आरोपी मात्र बदलतो. विधवेच्या वाट्याला आलेल्या दुःखाविषयी तर त्यांचा रोख सरळ आहे : स्त्रीला वाममार्गाला लावण्यात पुढाकार कोणाचा, आणि प्रसंग आल्यावर अंग काढून घेणारा कोण? भाषा ठसकेबाज, घरगुती, प्रसंगी शिवीच्या उंबरठ्यावर जाणारी. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या तत्कालीन लोकप्रिय कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावरही त्यांनी झोड उठविली आहे. म्हणजे कथावाङ्मय हे समाजाच्या निवाड्याचाच एक भाग असते, ही जाण त्यांना होती. हॉथॉर्नकडे त्यांच्या नजरेने पाहण्याचे समर्थन याहून वेगळे देण्याची गरज नाही.

पाद्री हूपर यांचा बुरखा

हॉथॉर्नची ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेइल’ ही कथा १८३६ साली प्रसिद्ध झाली. मिलफर्ड गावचे सौम्य स्वभावाचे पाद्री हूपर एका रविवारी काळ्या झिरझिरीत वस्त्राचा बुरखा कपाळावरून खाली सोडून प्रार्थनामंदिरात येतात. ओठ व हनुवटी तेवढी दिसते. त्या दिवशीच्या प्रवचनाचा विषय असतो आपण आपल्या जवळच्यांपासून लपवून ठेवलेली पापे. गाव हादरते. त्याच दुपारी एका तरुण मुलीचा अंत्यविधी, रात्री एक विवाह. दोन्हीकडे बुरखा तसाच. गावकरी जाब विचारण्यासाठी शिष्टमंडळ पाठवितात, पण पाद्र्यासमोर बसल्यावर कोणाच्याही तोंडून प्रश्न बाहेर पडत नाही. वाग्दत्त वधू एलिझाबेथ तेवढी स्पष्ट विचारते. उत्तर न मिळाल्याने तीही जाते, आणि अखेरच्या आजारात मात्र शुश्रूषेला परत येते. मरणशय्येवर दुसरा पाद्री बुरखा काढू पाहतो तेव्हा हूपर दोन्ही हातांनी तो घट्ट धरतात व आपल्याला प्रत्येक चेहऱ्यावर असाच काळा बुरखा दिसतो असे सांगून प्राण सोडतात. बुरख्यासकटच त्यांना पुरले जाते.

मराठीत ‘बुरखा फाडणे’ असा वाक्प्रचार आहे. ढोंग उघडे पाडणे हा त्याचा अर्थ. हूपर नेमके उलट करतात. ते बुरखा घालून ढोंग उघडे पाडतात. स्वतःचा चेहरा झाकल्यामुळे इतरांचे झाकलेले त्यांना दिसू लागते. ही कल्पना विलक्षण आहे व कथेची कीर्ती तिच्यावरच उभी आहे. परंतु हूपर यांचे स्वतःचे पाप कोणते, हे कथा सांगत नाही. त्यांनी काही केले होते काय, की केवळ दृष्टान्त म्हणून त्यांनी हे चिन्ह धारण केले? कथेला जोडलेल्या टिपेत हॉथॉर्नने मेन प्रांतातील यॉर्कच्या जोसेफ मूडी या धर्मोपदेशकाचा दाखला दिला आहे. तारुण्यात मूडीच्या हातून चुकून मित्राचा जीव गेला होता व त्याने आमरण तोंड झाकले. मात्र हूपर यांच्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे, असेही तेथेच बजावले आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी या पापाची किंमत ते झाकलेले असल्यामुळेच वाढत जाते.

एडगर ॲलन पो याने १८४२ साली ‘ग्रॅहॅम्स मॅगझिन’मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना येथे बोट ठेवले. मरणशय्येवरील उद्गार हेच कथेचे तात्पर्य असे सामान्य वाचक समजेल. परंतु त्या तरुण मुलीच्या संदर्भात काही काळा गुन्हा घडला आहे, हे जाणत्या वाचकाच्या लक्षात येईल, असा त्याचा अभिप्राय होता. कथेत त्याला आधार आहे. हूपर शवपेटीवर वाकतात तेव्हा बुरखा सुटा लोंबतो, आणि मृत मुलीचे डोळे उघडे असते तर तिला त्यांचा चेहरा दिसला असता. हूपर घाईने बुरखा सावरतात. त्या क्षणी प्रेत किंचित थरारले, असे एका वृद्ध बाईला वाटते. अंत्ययात्रेत पाद्री व त्या मुलीचा आत्मा हातात हात घालून चालले आहेत, असा भास दोघांना होतो.

समीक्षकांनी पोचे हे वाचन बहुधा अतिरेकी मानून बाजूला सारले आहे. गुन्हा शोधणाऱ्या कथांचा तो जनक, त्याला सर्वत्र गुन्हाच दिसणार, असे म्हटले जाते. ताराबाईंच्या निबंधानंतर मात्र ते इतके सहज बाजूला सारता येत नाही. त्या मुलीला कथेत नाव नाही. ती कशाने गेली हे कोणी विचारीत नाही. तिच्या आईबापांविषयी एक शब्द नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ चर्चा चालली आहे ती बुरख्याच्या अर्थाची. पेटीतील मुलीचा विषय निघाला तर तो फक्त पाद्र्याच्या मनाचा पुरावा म्हणून. विजयालक्ष्मीच्या खटल्यात स्त्री समोर होती व पुरुष अदृश्य होता. येथे पुरुष डोळ्यांसमोर आहे व स्त्री लाकडी पेटीत बंद आहे. तरीही बोलण्याची मुभा, मौन राखण्याची मुभा आणि मौनाला गूढ अर्थ मिळण्याचा मान हे सर्व त्याच्याच वाट्याला येते. सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मीला पदर तोंडावर घेऊन ‘पाप कोणाच्या अंतरी नाही?’ असे म्हणून सुटता आले नसते.

कथेतील आणखी एक तपशील याच संदर्भात पाहिला पाहिजे. मुले हूपर यांना पाहून पळतात व गाव त्यांच्यापासून दुरावते, हे खरे. परंतु त्यांचे पद जात नाही. उलट प्रवचनकार म्हणून त्यांचा दरारा वाढतो, मरणोन्मुख पापी त्यांनाच बोलावू लागतात, गव्हर्नर बेल्चरच्या काळात शासनासमोर प्रवचन देण्याचा मानही त्यांना मिळतो. संशयाने पुरुषाचा अधिकार वाढला, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. हॉथॉर्नने ते जाणूनबुजून टिपले की सहज, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

‘सर्वच पापी’ या सूत्राचा धोका येथे स्पष्ट होतो. अपराध सर्वांचा ठरला की तो कोणाचाच राहत नाही. ज्याने केला त्याला गर्दीत आसरा मिळतो. ताराबाईंनी हा आसराच काढून घेतला. सर्व मनुष्ये दुर्बळ आहेत अशी समजूत घालणारा सूर त्यांच्या निबंधात नाही; अमुक दोष कोणात किती, असा रोखठोक हिशोब आहे. या हिशोबात त्या कधी अन्यायही करतात व पुरुषजातीला सरसकट धारेवर धरतात. पण एकीवरून सर्व स्त्रियांचा निवाडा करणाऱ्यांना त्यांनी त्यांचेच माप परत दिले होते, हे विसरता येत नाही.

रानातील साक्ष

‘यंग गुडमन ब्राउन’ (१८३५) या कथेत नवविवाहित तरुण रात्री रानात जातो आणि गावातील सारी धर्मशील मंडळी सैतानाच्या मेळाव्यात जमलेली पाहतो. त्याची पत्नी फेथसुद्धा. सकाळी परतल्यावर ते स्वप्न होते की सत्य, हे त्याला कळत नाही. तरीही तो सर्वांना दोषी ठरवितो व आयुष्यभर त्यांच्याकडे संशयाने पाहत मरतो. एका माणसाने गावाचा निवाडा केला, आणि पुरावा काय तर एका रात्रीचे दृश्य.

या कथेला सेलमचा इतिहास चिकटलेला आहे. १६९२ साली तेथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देण्यात आले. आरोपीची छाया येऊन आपल्याला छळते, ही साक्ष न्यायालयाने ग्राह्य धरली होती. त्या चौकशीतील एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा लेखकाचा खापरपणजोबा. हॉथॉर्नने या वारशाची लाज उघडपणे व्यक्त केली आहे. तथापि ब्राउनला मेळाव्यात दिसणाऱ्या स्त्रियांमध्ये मार्था कॅरियर हे नाव येते. १६९२ मध्ये फासावर गेलेली ही खरीखुरी स्त्री, आणि कथेत ती सैतानाची राणी होऊ पाहणारी चेटकीण म्हणूनच वावरते. ब्राउनची दृष्टी विश्वासार्ह नाही, असा बचाव करता येतो व तो योग्यही आहे. पण पूर्वजांच्या अपराधाने बेचैन झालेला लेखक मृत स्त्रीला तिच्या आरोपाच्याच वेषात पुन्हा उभी करतो, ही गोष्ट सहज नजरेआड करण्यासारखी नाही.

पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेचा येथे केवळ उल्लेख पुरे. खाई त्याला खवखवे, ही म्हण या कथेला जशीच्या तशी लागू पडते. खुनी स्वतःच पोलिसांसमोर किंचाळून कबुली देतो. लोकांना निवाडा करण्याचे कारणच उरत नाही, म्हणून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती कडेला राहते.

खूण कोणाच्या अंगावर

‘एंडिकॉट अँड द रेड क्रॉस’ या कथेत सेलमच्या चौकात शिक्षा भोगणाऱ्यांची एक रांग हॉथॉर्नने रेखाटली आहे. त्यात एक देखणी तरुणी आहे. तिच्या वस्त्रावर व्यभिचाराची खूण म्हणून ‘ए’ हे अक्षर लावलेले आहे, आणि तिने ते तांबड्या कापडावर सोनेरी धाग्याने इतके सुंदर भरले आहे की ते एखाद्या गौरवाचे आद्याक्षर वाटावे. या चार ओळींतूनच पुढे ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) ही कादंबरी उगवली. कथेत तिच्या अपराधातील भागीदाराचा उल्लेख नाही. कादंबरीत मात्र तो सापडतो, आणि तो असतो गावचा पूज्य पाद्रीच. हूपर यांच्यापासून सुटलेला धागा हॉथॉर्नने चौदा वर्षांनी उचलला, असे म्हणावयास जागा आहे.

महाराष्ट्रातील विधवेच्या अंगावरील खुणा याहून वेगळ्या होत्या. केशवपन व आलवण यांसाठी अपराधच लागत नव्हता. पतीचे निधन हाच दोष. सेलमच्या स्त्रीला निदान खुणेवर भरतकाम करता आले. मुंडन केलेल्या मस्तकावर कसले भरतकाम करणार? उलट पुरुषांसाठी परत येण्याचा रस्ता ठेवलेला असे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाला गेलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या त्याच पत्राने छापली. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताची भाषा बोलावी लागली. मनस्ताप पुष्कळ झाला, परंतु प्रायश्चित्त घेऊन पंगतीत परत बसता आले. विजयालक्ष्मीसाठी असे कोणतेही प्रायश्चित्त धर्मशास्त्राच्या व्यवहारात उपलब्ध नव्हते. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला व तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला, यावरून लोकनिवाड्याची ही यंत्रणा किती काळ तगून राहिली याची कल्पना येते.

स्वयंपाकघरातील पंच

ताराबाईंच्या प्रश्नाला अमेरिकन कथेत सर्वांत जवळचे उत्तर हॉथॉर्नकडे नाही; ते सुझन ग्लास्पेल हिच्या ‘अ ज्युरी ऑफ हर पिअर्स’ (१९१७) या कथेत आहे. डिसेंबर १९०० मध्ये आयोवा राज्यात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला. पत्नी मार्गारेट हिच्यावर खटला चालला. ग्लास्पेल त्या वेळी वार्ताहर होती. मार्गारेटला दोषी ठरविण्यात आले, वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला, दुसऱ्या वेळी पंचांत एकमत झाले नाही. हे पंच सर्व पुरुष होते.

कथेत शेरीफ व सरकारी वकील घरभर पुरावा शोधतात आणि स्वयंपाकघराला हसून पुढे जातात. त्यांच्यासोबत आलेल्या दोन स्त्रिया तेथेच थांबतात. अर्धवट पुसलेले टेबल, अचानक वेडेवाकडे पडलेले गोधडीचे टाके, मोडलेला पिंजरा आणि शेवटी शिवणाच्या पेटीत रेशमात गुंडाळलेला, मान मुरगळलेला पक्षी यांतून त्यांना सारे कळते. मिनीने नवऱ्याला का मारले असेल, हे त्यांच्याशिवाय कोणालाही वाचता आले नसते. त्या तो पक्षी लपवितात.

परंतु कथेचा खरा भार मिसेस हेल या शेजारणीच्या एका जाणिवेवर आहे. इतकी वर्षे जवळ राहून ती मिनीकडे गेली नाही. घर उदास होते, म्हणून तिने जाणे टाळले. तोही एक गुन्हाच, आणि त्याची शिक्षा कोण देणार, असा प्रश्न ती स्वतःला विचारते. हूपर यांच्या पापाला नाव नव्हते. मिसेस हेलच्या अपराधाला नाव, ठिकाण, काळ सर्व आहे. निवाडा करणाराच अपराधात सामील आहे, हे हॉथॉर्नचे सत्य येथे टिकते, पण ते सर्वांवर सारखे पसरून विरळ होत नाही. पुढाकार कोणाचा, अंग कोणी काढून घेतले, शेजारी असून कोण गेले नाही, अशा ताराबाईंच्या थाटाच्या हिशोबात ते उतरते. विजयालक्ष्मीच्या प्रकरणात अशी शेजारीण कोणी नव्हती. बुलढाण्याहून लिहिणारी एक अनोळखी स्त्री होती.

त्या स्त्रीच्या पुस्तकाचाही निवाडा झाला. त्याची हेटाळणी झाली आणि फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली. यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पाचशे प्रतींपैकी बहुतेक काळाच्या ओघात गेल्या. डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली निबंध पुन्हा छापला तेव्हा त्रेण्णव वर्षे उलटून गेली होती. रोझालिंड ओहॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ चा. त्यामुळे आज इंग्रजीच्या वर्गात हूपर यांचा बुरखा आणि बुलढाण्याचा निबंध एकाच तासाला, एकाच टेबलावर ठेवता येतात. पेटीतील त्या मुलीचे नाव काय असेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांना अगोदर विचारावा आणि बुरख्याचा अर्थ मागाहून.